धोतराचे चौदा लंगोट

माझ्याकडे मलमलीचं एक जुनं धोतर होतं. आता त्याचे चौदा लंगोट, दोन झबली आणि एक टोपडं झालं आहे.

हे वाचून तुम्हाला हसू आलं असेल तर कृपया पुढं वाचू नका. (वाचा, पण हसू नका.) मला अजून राग येतो. आंघोळ करताना येतो, भाजी निवडताना येतो, शेजारच्या दोरीवर नुसता पांढरा टॉवेल दिसला तरी येतो.

मी कोल्हापुरातल्या एका शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, प्लॉट घेतात, नाहीतर सोसायटीत भांडणं लावतात. मी जुने कपडे जमवायला लागलो. बंद गळ्याचे कोट, जरीच्या टोप्या, इरकली लुगडी, फेटे. घरात त्या कपाटाला ‘चिंध्यांचं कपाट’ म्हणतात, तेही माझ्यासमोर!

त्या कपाटातला हिरा म्हणजे हे धोतर. गडहिंग्लजच्या बाजारात ताडपत्रीवर ओतलेल्या जुन्या कपड्यांच्या ढिगात ते मला सापडलं. सूत एवढं बारीक की खाली तळहात धरला तर हातावरच्या रेषा दिसायच्या. काठ बोटभर, लाल. मी ते पांढऱ्या सुती फडक्यात गुंडाळलं, आत लवंगा ठेवल्या आणि दर दोन महिन्यांनी त्याची घडी बदलायला लागलो, कारण एकाच घडीवर राहिलं की जुनं कापड तिथंच विरतं. बायको म्हणाली, माझ्या पाठीत उसण भरली तेव्हा दोन दिवसांनी विचारलंत.

आता माझा गुन्हा सांगतो. पाहुणे यायचे, धोतर बघायचे आणि विचारायचे, कुणाचं हे? मी खरं ते सांगायचो, माहीत नाही. की लगेच त्यांची नजर पोह्यांकडे वळायची! एवढ्या सुंदर वस्तूचा असा अपमान मला सोसेना. मग एकदा मी म्हणालो, गारगोटीकडच्या एका म्हाताऱ्याचं, नव्वद वर्षं जगला. पोह्याचा चमचा हवेत थांबला. पुढच्या पाहुण्यांच्या वेळी तो पंच्याण्णव वर्षं जगला. त्यानंतर त्याचे सगळे दात शाबूत राहिले, तो आयुष्यात डॉक्टरकडे गेला नाही, आणि शेवटी एकशे दोन वर्षांचा होऊन, दुपारचं जेवून, हेच धोतर धुऊन वाळत घालून शांतपणे गेला. इतिहासाच्या मास्तरला हे शोभतं का, असं मला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

त्यातच एका कॉलेजच्या प्रदर्शनासाठी तिथल्या प्राध्यापक मॅडमनी हे धोतर मागितलं. त्या जुन्या कापडांतल्या जाणकार, म्हणून त्यांच्याशी खोटं बोलायची माझी हिंमत झाली नाही. बाजारातून घेतलं, मूळ मालक माहीत नाही, हे फोनवर सरळ सांगून टाकलं. तरी त्यांना ते हवं होतं. काचेच्या पेटीत माझं धोतर आणि खाली कार्डावर माझं नाव! तीस वर्षं शाळेच्या फळ्यावर दुसऱ्यांची नावं लिहिणाऱ्या माणसाला याचं काय वाटलं असेल, ते ज्याचं त्याला कळेल. आठ दिवस मी आरशासमोर वेगळाच उभा राहत होतो.

आणि नेमकी त्याच आठवड्यात माझी लेक बाळंत झाली. मुलगी झाली. आनंद झाला, तो मी नाकारत नाही.

आमच्याकडे बारशापर्यंत बाळाला नवं कापड घालत नाहीत. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं हवं, आणि ते पिकल्या पानाचं असलं तर फारच चांगलं. नेसणारा जेवढा जगला तेवढं आयुष्य बाळाला मिळतं म्हणतात. एरवी घरातल्या आजोबा-पणजोबांचं धोतर निघतं. पण आमचे वडील एसटीत कंडक्टर. त्यांचा जन्म खाकी पँटीत गेला, आणि खाकीचे लंगोट होत नाहीत. शिवाय ते साठीही न गाठता गेले.

माझी आई अनुसयाबाई, गडमुडशिंगीची, वय ऐंशी, निर्णय घ्यायला लागणारा वेळ पाच मिनिटं. आम्ही दवाखान्यात असताना तिनं माझं कपाट उघडलं, शेजारच्या शमीमभाभींना शिलाई मशीन घेऊन बोलावलं आणि कात्री चालवली.

बाळ-बाळंतीण घेऊन आम्ही दारात आलो. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. आत शिरलो तर खाटेवर पांढऱ्या घड्या रचलेल्या, आणि वर टोपडं. टोपड्याला लाल काठ. गर्दीत आपलं पोर ओळखावं तसा मी तो काठ ओळखला.

“आई, हे काय आहे?”

“लंगोट.”

“ते दिसतंय मला. कशाचे?”

“तुज्या त्या म्हाताऱ्याच्या धोतराचं. लई ग्वाड सूत हाय बघ.”

शमीमभाभी बिचाऱ्या मशीनमागून उठल्या. सरांना विचारलं का, असं त्यांनी दोनदा म्हटलं होतं म्हणे. त्यावर आईनं त्यांना बजावलं होतं, “त्येला काय इचारायचं? एकशे दोन वर्सं जगला म्हातारा, ह्यो सोता सांगतोय की सगळ्यास्नी.”

मी जो ओरडलो, तो गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू गेला. चार दिवसांची पोर दचकून जागी झाली आणि घरातल्या चारही बायका (भाभी धरून) माझ्यावर तुटून पडल्या. लेक म्हणाली, “बाबा, असं कापड आता मिळत नाही म्हणून तुम्हीच सांगता ना? मग माझ्या बाळाला नको?”

खरं सांगावं, तर पोरीच्या अंगावर कुणा अनोळखी माणसाचं, बाजारात टाकलेलं धोतर आहे हे ऐकून आईनं आधी मला आणि मग धोतराला जाळलं असतं. न सांगावं, तर माझं कापड सत्कारणी लागलं म्हणून मला प्रसन्न दिसणं भाग होतं. मी चार दिवस प्रसन्न दिसलो. माझे जबडे दुखायला लागले.

पाचव्या दिवशी मॅडम आल्या. धोतर जरा वेगळ्या अवस्थेत आहे, एवढंच मी त्यांना फोनवर सांगू शकलो होतो. आईनं त्यांना चहा दिला आणि म्हाताऱ्याची हकिगत सुरू केली. आईच्या तोंडी तो एकशे दहा वर्षांचा झाला होता. मॅडमनी माझ्याकडे बघितलं.

“सर, तुम्ही तर मूळ मालक माहीत नाही म्हणाला होतात.”

आणि माझा बांध फुटला. “नाहीच माहीत! ढिगातनं उचललंय मी ते! म्हातारा नव्हता, दात नव्हते, गारगोटी नव्हती! सगळं मी रचलंय!”

मी डोळे मिटून घेतले. आता आभाळ कोसळणार!

“राग आला की कायबी बोलतंय ह्ये,” आई मॅडमना म्हणाली. “तुमी च्या घ्या.”

कुणीही विश्वास ठेवला नाही! बायकोनं मला पाणी आणून दिलं आणि बीपीची गोळी घेतली का विचारलं. खोटं बोललो तेव्हा सगळं गाव माझ्या मागं, आणि जन्मात एकदा घरात ओरडून खरं बोललो तर गोळी!

तेवढ्यात मागच्या दारातनं मला दिसलं, लंगोट कढत पाण्यात पडलेले आणि वर साबणाची पावडर. मी मॅडमना तिथंच सोडून धावलो. जुन्या मलमलीला कढत पाणी चालत नाही, रिठ्याचं कोमट पाणी लागतं, पिळायचं नाही, नुसतं दाबायचं, सावलीत पसरायचं, हे सगळं एका दमात ओरडून सांगितलं. आई आतूनच म्हणाली, “मग धू की तूच, बाळू.”

म्हणून मॅडम आत काय ठरवत होत्या ते मला दिसलं नाही. मी कोपरापर्यंत रिठ्याच्या फेसात होतो. आईकडनं त्यांनी एक लंगोट मागून घेतल्याचं कानावर आलं. कपाटात जपलेलं कापड पुष्कळांकडे असतं, पण ते पुढच्या पिढीच्या अंगावर कसं जातं हे दाखवणारं हेच, असं काहीतरी त्या म्हणत होत्या. कार्डावर नावं काय घालू, असंही त्यांनी विचारलं. मी मोरीतून ओरडलो, माझं पूर्ण नाव घाला. नळ चालू होता. नावं आईनं सांगितली.

प्रदर्शनाला मी इस्त्रीचा कोट घालून गेलो. काचेच्या पेटीत, मखमलीवर, दिव्याच्या उजेडात एक लंगोट होता. खाली कार्ड. मूळ मालक : कुटुंबाच्या सांगण्यानुसार गारगोटीचे एक दीर्घायुषी गृहस्थ. निवड : अनुसयाबाई. शिवण : शमीमभाभी. आणि त्याखाली, जरा बारीक अक्षरांत, धुलाई : बाळू.