पॅराशूटच्या खोलीत न आलेला वैमानिक

हवाई दलाच्या त्या तुकडीला पन्नास वर्षं झाली म्हणून तिच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक निघालं. घडीमास्तरांनी ते चाळलं आणि बायकोपुढे आपटलं. "बघ! कोणत्या मेजवानीत कोणता साहेब नाचला, तेसुद्धा छापलंय. आमच्या खोलीचा एक शब्द नाही. विमानं काय फुंकर मारून उडत होती यांची?"

सारी नोकरी त्यांनी पॅराशूटच्या घड्या घालण्यात काढली होती. तिथला रिवाज असा, की पॅराशूटमुळे जो वाचला त्याने खोलीत यायचं आणि घडी घालणाऱ्याचा हात हातात घ्यायचा. घडीमास्तरांच्या घडीने एकच वैमानिक वाचला, आणि तो शहाणा काही आलाच नाही!

"कृतघ्न कुठला! जीव काय रस्त्यावर पडला होता?" हे पुराण गल्लीपासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत सगळ्यांनी ऐकलं होतं. शेवट ठरलेला. "दोघांनी उडी मारली. माझं उघडलं. शेजारच्या टेबलावरच्या लंबूचं नाही उघडलं." लोक लंबूकडे वळून वळून बघायला लागले, तसा तो महिनाभरात नोकरी सोडून गेला. "गेला तर गेला," घडीमास्तर म्हणाले, "कामात लक्ष नको?"

आता पन्नाशीच्या समारंभाला तोच वैमानिक प्रमुख पाहुणा होता. "घरात गरजता, तिथे जाऊन बोला की!" बायकोने डिवचलं.

भाषणं संपली. चहाच्या टेबलापाशी घडीमास्तरांनी म्हाताऱ्या पाहुण्याला गाठलंच. "ओळखलंत? कसले ओळखताय! तुमच्या पॅराशूटची घडी मी घातली होती. एकदा खोलीत आला असतात तर पाय झिजले असते का?"

वैमानिकाने कप खाली ठेवला. "आलो होतो हो. दारापर्यंत. आत तुम्ही दोघंच काम करत होता. एकाचे आभार मानले असते, तर माझ्या मित्राची घडी कोणाची होती, ते जगाला कळलं असतं. त्या बिचाऱ्याला लोकांनी जगू दिलं नसतं. म्हणून तसाच परत फिरलो."

घडीमास्तर एक पाऊल मागे सरले.

"कोणाला कळलं नाही ना? तुमचे ते सोबती बरे आहेत ना?" असं विचारत वैमानिकाने हात पुढे केला.

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो हात समोर होता. घडीमास्तरांनी आपले दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नको, साहेब," ते म्हणाले.