बेवारस डबा

आम्ही बदलीवर चंदीगडला आलो तेव्हा पंजाबातले दिवस वाईट होते. दिवेलागणीला रस्ते ओस पडायचे, चौकाचौकांत वाळूच्या पोत्यांआड बंदूकवाले बसलेले असायचे, आणि बसमध्ये, सिनेमाला, बाजारात सारखी एकच सूचना कानावर आदळायची: बेवारस वस्तूला हात लावू नका. ट्रान्झिस्टर असो, डबा असो, नाहीतर खेळणं. आमच्या लेकीकडून शाळेत हे इतकं घोकून घेतलं होतं की स्वयंपाकघरात माझी भाजीची पिशवी जमिनीवर दिसली तरी ती विचारायची, "आई, ये किसका है?" मराठी तिला सगळं कळायचं, बोलणं मात्र हिंदीतच.

सगळं शहर असं हात आखडून चालत होतं. आणि आमच्या सरकारी क्वार्टरांच्या मागच्या गल्लीत रोज सकाळी एक बाई यायची, जिचं पोटच बेवारस वस्तूंवर चालायचं.

माझ्याच वयाची असेल. पाठीवर पोतं, हातात टोकाला वाकवलेली लोखंडी सळई. गल्लीच्या टोकाला विटांची कचराकुंडी होती. सळईने ती ढीग उसकटायची आणि काच, पत्रा, प्लास्टिक, पुठ्ठा झपाझप वेगळं करायची. कचऱ्याचा सरकारी ट्रक मनात आलं तर यायचा. गल्ली स्वच्छ राहायची ती हिच्यामुळे, पण 'आमचं शहर बघा कसं चकचकीत' असं पाहुण्यांना ऐकवताना तिची आठवण कुणाला होत नसे. तिचा माल इंडस्ट्रियल एरियातल्या कबाडीकडे, म्हणजे भंगारवाल्याकडे, जायचा आणि तिथून आसपासच्या लहान कारखान्यांत. "बीबीजी, तुम्हारी टूटी बाल्टी मग्गा बनके तुम्हारे ही घर आएगी, और खरीदोगी भी तुम ही," असं म्हणून ती मला चिडवायची.

तिला द्यायचं सामान मी मागच्या बुटक्या भिंतीवर ठेवत असे. तेलाचे रिकामे डबे, बाटल्या, रद्दी. ती येता-जाता उचलून न बघता पोत्यात टाकायची. ते बघून एकदा माझाच जीव वरखाली झाला. म्हटलं, "अरे, खोल के तो देखो! आजकल क्या भरोसा?" ती हसली. "तुम्हारे घर का है, बीबीजी. तुम्हारे घर से क्या निकलेगा?" मला ते बोलणं इतकं आवडलं की रात्री जेवताना यांना मी ते दोनदा सांगितलं. परक्या गावात कुणीतरी आपल्यावर असा डोळे मिटून विश्वास टाकतं, याचं मला अप्रूप वाटलं होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीतली गोष्ट. हे ऑफिसला गेले होते आणि मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. एवढ्यात समोरचे रिटायर्ड साहेब ओरडायला लागले. कचराकुंडीच्या कठड्यावर तीन कप्प्यांचा जेवणाचा डबा होता. स्टीलचा, कडी लावलेला, लख्ख. असा डबा कचऱ्यात कोण टाकेल? साहेबांनी पोलिसांना फोन केला. सगळी बिऱ्हाडं आपापल्या फाटकांमागे उभी राहिली. मी लेकीला दंडाला धरून मागे ओढलं.

हवालदार सायकलवरून आला. बराच लांब थांबला, डब्याकडे बघितलं, कपाळावरचा घाम पुसला. आणि नेमकी त्याच वेळी ती बाई पोतं घेऊन वळणावरून आली. डबा दिसताच तिचा चेहरा खुलला. "हाथ मत लगाना!" साहेब ओरडले. ती जागीच थबकली.

हवालदाराने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या सळईकडे.

"ए, इधर आ. तू उठा इसको."

"मैं?"

"रोज़ यही तो करती है. सलाख से उठा और उधर मैदान में रख आ."

"हाँ हाँ, इसको तो आदत है," साहेब म्हणाले. वाईट माणूस नव्हता हो तो. दिवाळीला आमच्याकडे मिठाई पाठवायचा. पण हे वाक्य त्याने इतक्या सहज म्हटलं की अजून आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

तिने एकेका फाटकाकडे पाहिलं. एकही फाटक उघडलं नाही. मग तिने पोतं खाली ठेवलं, पदर खोचला आणि चालायला लागली. हवालदार चार पावलं आणखी मागे सरला. कुंडीपाशी पोचल्यावर तिने हात लांब केला. वाकवलेलं टोक डब्याच्या कडीजवळ गेलं, चुकलं, कठड्यावर खण्णकन आपटलं. कुणाचं तरी मूल रडायला लागलं. तिने तोंड एका बाजूला फिरवून घट्ट डोळे मिटले आणि टोक पुन्हा कडीखाली घातलं.

"थांब! हात लावू नकोस! थांब म्हणते ना!"

मी मराठीत ओरडले होते. तिला त्यातलं काय कळलं देव जाणे, पण ती थांबली. फाटक उघडून मी बाहेर कधी आले हे मला कळलंच नाही. माझा राग मुळातच नाकाच्या शेंड्यावर, आणि त्या दिवशी तर मला पुढचं-मागचं काही दिसत नव्हतं. मागून लेक रडत हाका मारत होती, "आई, मत जाओ!"

"उसको क्यों बोलते हो?" मी हवालदाराला म्हटलं. "इतनी जल्दी है तो मैं उठाती हूँ!"

तो खरंच घाबरला. "नहीं नहीं, बीबीजी, आप नहीं! आप पीछे हटो. आपको कुछ हो गया तो आपके साहब को हम क्या जवाब देंगे?"

"और इसको कुछ हो गया तो?"

शेवटी हवालदार साहेबांच्या घरात गेला आणि ठाण्यावर फोन करून त्याने बॉम्बची जाणकार माणसं बोलावली. हे त्याला आधीही करता आलं असतं.

ती माणसं येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. तोवर हवालदाराने बाईला झाडाखाली बसवून ठेवलं होतं. कुठे राहतेस, कुणी पाठवलं, डबा आधी बघितला होतास का, असं खोदून खोदून विचारलं आणि तिचं पोतं रस्त्यावर उलटं केलं. सकाळपासून निवडलेला माल परत एकमेकांत मिसळला.

जाणकारांनी दुरून दोरी बांधून डबा ओढला. तो खाली पडला, गडगडत गेला आणि उघडला. आतून वाळलेल्या पोळ्या आणि भेंडीची भाजी निघाली. कुणा नोकरदाराचा विसरलेला डबा. लोक मोठ्याने हसले, सुटल्यासारखे. मीही हसले असेन.

बाई उठून पुढे आली. "अब ले लूँ?"

"बेवारस है. थाने में जमा होगा," हवालदार म्हणाला. फडक्याने पुसून त्याने डबा सायकलच्या हँडलला अडकवला. फुटेल अशी भीती होती तोवर तो डबा तिने उचलायचा होता. भेंडी निघाली आणि तो सरकारचा झाला. मी तिच्याबरोबर काचा-पत्रे गोळा करायला वाकले, पण तिने पोतं आपल्याकडे ओढून घेतलं.

संध्याकाळी हे म्हणाले, "तू खरंच उचलणार होतीस?" रागात बोलून गेले होते, एवढंच खरं.

दुसऱ्या दिवशी मी माझा डबा काढला. तोही तीन कप्प्यांचा, माहेरहून मिळालेला. घासून, पुसून, कडी लावून मी भिंतीशी उभी राहिले. आज वस्तू भिंतीवर ठेवायची नाही, हातात द्यायची, असं मी ठरवलं होतं. ती आली. मी डबा पुढे केला.

तिने हात पुढे केला नाही. कुंडीच्या पलीकडेच थांबली.

"खोल के दिखाओ, बीबीजी."

मला झणकन राग आला. काल तुझ्यासाठी फाटकाबाहेर आले ती मीच ना? शब्द अगदी ओठांवर आले होते. मग तिच्या हाताकडे लक्ष गेलं. सळई तिने कालच्यासारखीच लांब धरली होती, टोक माझ्या डब्याकडे. माझा राग कुठच्या कुठे गेला.

मी कडी काढली. वरचा कप्पा तिच्याकडे तोंड करून भिंतीवर ठेवला, मग मधला. शेवटचा कप्पा रिकामा दिसेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.