पायाळू देवकाबाईचं दुखणं

देवकाबाई जन्मली ती पायांकडून, आणि नाचणगावात त्याचा फायदा तिच्यापेक्षा इतरांनाच जास्त झाला. कुणाच्या पाठीत उसण भरली, की तो वाकडा वाकडा चालत तिच्या अंगणात हजर. पायाळू माणसाचा पाय लागला की उसण उतरते, असं सगळे मानतात. देवकाबाई डावा पाय पाठीला तीनदा लावायची. माणूस वयानं मोठा असला, तर त्याला पाय लावला म्हणून लगेच वाकून नमस्कारही करायची. वर चहा घरचा. उसण पायानं उतरायची की चहानं, हे कोणी तपासलं नाही आणि तिनंही कधी फुशारकी मारली नाही.

यंदा कापूस वेचणीच्या दिवसांत तिला खोकला झाला. पंधरा दिवसांनी खोकला गेला, पण छातीत डाव्या अंगाला कळ ठेवून गेला. श्वास ओढला की कळ, कूस बदलली की कळ, परात उचलली की कळ. तिचा नवरा रूपराव तसा शेतात साप निघाला तरी जागचा न हलणारा गडी. पण डावी बाजू म्हटल्यावर त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मुलगा आदेश पुलगावात नोकरीला. त्यानं गाडी केली आणि आईला वर्धेच्या दवाखान्यात नेलं.

छातीला तारा लावून झाल्या, रक्त काढून झालं, फोटो झाले. दोन दिवस देवकाबाईचा थाट काय वर्णावा! सून मोहिनी तिचे केस विंचरून देत होती, बघायला येणारे डझनडझन केळी आणत होते, आणि रूपराव चक्क तिला पाण्याचा पेला हातात देत होता. मनातून भीती होती, तरी खरं सांगायचं तर हे तिला आवडलं होतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिले आणि छातीच्या मधल्या हाडालगत एका जागी बोट दाबलं. देवकाबाई ओरडलीच.

"हेच दुखणं," बाई म्हणाल्या. "तुमचं हृदय ठणठणीत आहे. बरगडी मधल्या हाडाला जुळते, तिथं सूज आहे. जिवाला धोका नाही, पण दुखतं फार. बरं व्हायला आठवडे लागतील, कधी महिनेही लागतात. गोळ्या घ्या, शेक घ्या, ओझं उचलू नका. घाम सुटला, दम लागला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर मात्र ताबडतोब या."

रूपरावानं यातलं हृदयाचं तेवढं ऐकलं. बाकीचं त्याच्या कानावरून गेलं. गावात उतरल्यापासून घराच्या दारापर्यंत भेटेल त्याला तो सांगत आला, "काईच नाई निंघालं!" त्याचा आनंद खरा होता, त्याला नावं ठेवता येत नाहीत. पण त्या 'काईच नाई'नं देवकाबाईचा घात केला. केळी बंद झाली आणि परात पुन्हा हातात आली. आदेश फोनवर म्हणाला, "माय, टेंशन नको घेऊ, मनाचंबी असते कधी कधी." मोहिनीनं आठवडाभर पाण्याच्या कळशा उचलल्या, मग कामाच्या घाईत तीही विसरली.

मग देवकाबाईलाच लाज वाटू लागली. हृदयाचं दुखणं कसं मानाचं. हे आपलं कामचुकारपणासारखं दिसायचं. ती दुखणं लपवू लागली. उजव्या कुशीवर निजायची, शिंक येईलसं वाटलं की उशी छातीशी धरायची, हसू आलं तर ओठ मिटून घ्यायची. असे दोन महिने गेले.

एका सकाळी शेजारचे अण्णाजी उसण घेऊन आले. पंचाहत्तरीचा माणूस, विव्हळत अंगणात पालथा पडला. देवकाबाईनं भिंतीचा आधार घेऊन तीनदा पाय लावला आणि रिवाजाप्रमाणे नमस्काराला वाकली. वाकली ती तिथंच अडकली. कळ अशी आली की तिच्या तोंडून कण्हणं बाहेर पडलं.

ओट्यावरून रूपराव म्हणाला, "डॉक्टरनीनं सांगतलं ना, काईच नाई म्हनून? मंग काऊन कन्हून राह्यली?"

देवकाबाई भिंत धरून सरळ झाली. दोन महिन्यांचा राग तिच्या डोळ्यांत उतरला होता.

"अण्णाजीच्या पाठीत काय दिसून राह्यलं तुमाले?" तिनं विचारलं.

"उसण हाय त्याईले."

"कोनं सांगतलं?"

"थेच म्हनतेत ना."

"मंग! इतक्या सालात शंभर लोकं आले असतीन माह्याकडं. दुखते म्हनलं, का मी पाय लावला. एकालेबी रिपोर्ट नाई मांगतला. माह्यंच दुखनं तेवढं तुमाले कागदावर पाह्यजे?"

अण्णाजी पालथेच होते. नवराबायकोच्या मध्ये उठून बसावं की असंच पडून राहावं, हे त्यांना कळेना. ते पडूनच राहिले.

रूपराव ओट्यावरून उतरला. बायकोच्या पुढ्यात येऊन उभा राहिला, काही तरी बोलावं म्हणून घसा खाकरला, आणि शेवटी हळूच म्हणाला, "कुठी दुखते?"

दवाखान्यातून आल्यापासून हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. तिनं जागा दाखवली. मग सांगत सुटली: कणीक तिंबताना कसं होतं, जांभई अर्ध्यात कशी सोडावी लागते, पहाटे उठताना आधी कुठला हात टेकावा लागतो. या वेळी रूपरावानं सगळं ऐकलं. हुंदक्यानं छाती दुखते, म्हणून इतके दिवस ती रडलीसुद्धा नव्हती. आता ती रडली, भर अंगणात, अण्णाजींच्या देखत. दुखलं, फार दुखलं, तरी तिनं रडणं आवरलं नाही.