रशियन खोलीतलं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. तामाराला तर नाहीच.

लीड्समध्ये आमच्या घराजवळ एक कम्युनिटी हॉल आहे. तिथे मराठी मंडळाचं पुस्तकांचं कपाट आहे, किल्ली माझ्याकडे. जुने दिवाळी अंक, कादंबऱ्या, पुण्याला परत जाताना कुणीकुणी देऊन गेलेली पाककृतींची पुस्तकं. मी कपाट उघडायचे, धूळ पुसायचे, पुन्हा बंद करायचे. पुस्तक मागायला कुणी यायचं नाही.

समोरच्या खोलीत तामाराची रशियन लायब्ररी. तामारा सत्तरीची, पियानो शिकवून निवृत्त झालेली. देश सोडताना लोकांनी बॅगेतले कपडे कमी करून जी पुस्तकं आणली, ती तिने वर्षानुवर्षं गोळा केली. काही तर छापलेलीही नव्हती — छापायला बंदी, म्हणून घरी टाइप करून चोरून फिरवलेली. त्यात एक गठ्ठा तिच्या आईने टाइप केलेला. शेजारच्या एका शिक्षकाच्या कविता. दुसरी प्रत कुठेच नाही.

शनिवारी ती खोली भरलेली असायची. म्हातारे वाद घालायचे, पोरं जमिनीवर लोळून गोष्टी ऐकायची. आणि मी? समोर, माझ्या कपाटापाशी. जळायचे मी. दुसरा शब्द कशाला शोधू?

त्यात माझी रेवा, नऊ वर्षांची, तिकडेच जाऊन बसायला लागली. एकदा तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आई, तुझा पुस्तकं बोरिंग आहे. तामाराचा रूम छान आहे." मी हसले. हसले — पण आतून काहीतरी करपलं.

तामाराला ते कळलं असेल का? एकदा ती आपणहून म्हणाली, "तुमची पुस्तकं माझ्या खोलीत आण ना. कुलपात ठेवलेलं पुस्तक मरतं." चांगल्या मनाने म्हणाली होती. मला मात्र तिचा जास्तच राग आला.

त्यानंतरच्या एका शनिवारी मंडळाची मीटिंग संपवून मी रेवाला घेऊन निघाले. तामारा साउथहॅम्प्टनला बहिणीकडे गेली होती, म्हणून त्या दिवशी खोलीत कुणी नव्हतं. तिचं दार किलकिलं होतं. आत छतातून पाणी ठिबकत होतं, खिडकीजवळच्या शेल्फवर. मोठी गळती नव्हती. किचनमध्ये बादली होती. केअरटेकरचा नंबर माझ्या फोनमध्ये होता.

मी काय केलं? दार ओढून घेतलं.

"तामाराला बाय करू?" रेवाने विचारलं.

"ती आज नाहीये," मी म्हणाले. तेवढं खरं होतं.

थोडं भिजू दे — खरंच हेच मनात आलं होतं. थोडंसंच. रविवारी दिवसभर मी घर आवरत होते आणि मला सगळं आठवत होतं. विसरले होते असं म्हणता आलं असतं तर! नव्हते विसरले.

सोमवारी तामाराने पहिला फोन मला केला. "तू ये," एवढंच म्हणाली. गेले. आठवडाभर हेअरड्रायरने पानं सुकवली, मध्ये टिश्यू घातले. बरीचशी पुस्तकं बचावली. आईच्या गठ्ठ्यातले पातळ कागद मात्र एकमेकांना चिकटून लगदा झाले होते. तामारा तो लगदा हातात धरून त्या कविता पाठ म्हणायला लागली. एक पुरी म्हणाली. दुसरी अर्ध्यावर अडकली. पुन्हा पहिल्यापासून म्हणाली, पुन्हा तिथेच अडकली. मी शेजारी उभी होते, ड्रायर चालू ठेवून.

गेल्या महिन्यात खोली रंगवून पुन्हा उघडली. बरीच माणसं आली होती. तामाराने माझा हात धरून मला पुढे ओढलं आणि सगळ्यांना सांगितलं, "ही नसती तर आमची लायब्ररी उरली नसती."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान लववली. कुणीतरी चहा दिला, तो प्यायले.