अकरा सेकंदांचं भांडण

ऑफिसात तिला सगळे बटणताई म्हणत. टीव्ही बघता बघता लोकांनी हातातल्या मोबाईलवरून एकमेकांशी काय बोलावं, कसं खेळावं, अंगठा कुठे टेकवावा, हे ठरवणं तिचं काम. एखादं बटण दोन बोटं लांब पडलं तरी तिचा जीव खालीवर होई.

त्या वर्षी साहेबांच्या डोक्यात ‘एकत्र बघू’ नावाचं खूळ शिरलं. लांब राहणाऱ्या माणसांनी आपापल्या घरी एकच कार्यक्रम लावायचा, मोबाईलवरून टाळ्या पाठवायच्या, त्या पडद्यावर फुग्यांसारख्या उडायच्या आणि कडेला एकमेकांचे चेहरे दिसायचे. बटणताईने महिनाभर खपून ते बनवलं आणि तपासायला घरचीच गिऱ्हाइकं धरली: आई आणि दुसऱ्या गावी राहणारी मावशी. आईकडे तिने स्वतः इंटरनेटवर चालणारा नवा बॉक्स बसवला. मावशीकडे छतावरची डिशच राहू दिली, म्हणजे दोन्ही तऱ्हा तपासून होतील.

दोघी बहिणींनी पाच मिनिटांत फुगे बंद केले. चेहरेही बंद केले, कारण आईच्या मते कॅमेऱ्यात मावशीचं नुसतं नाकच दिसत होतं. मग त्यांनी साधा फोन लावला, स्पीकरवर टाकून मांडीवर ठेवला आणि प्रश्नमंजूषेच्या कार्यक्रमावर चढाओढ सुरू केली. आधी उत्तर देईल ती जिंकली.

जिंकायची मात्र रोज मावशीच. दोन आठवडे आईने हे गिळलं. मग एका संध्याकाळी निवेदकाने प्रश्न विचारायला तोंड उघडायच्या आधीच मावशी “गेंडा” म्हणाली आणि उत्तर खरोखर गेंडा निघालं. आईने फोन ठेवला तो ठेवलाच. त्यानंतर मावशीचं नाव काढलं की ती भांडी जोरजोरात घासू लागे.

इकडे साहेब अहवाल मागत होते आणि गिऱ्हाइकं एकमेकींशी बोलेनात. रविवारी बटणताई मावशीकडे गेली. कार्यक्रम लागल्यावर तिने आईला फोन केला, तर फोनमधून आईच्या टीव्हीचा आवाज आला आणि तिने कान टवकारले. इथे निवेदक हसून मोकळा झाला होता, तिथे त्याचा विनोद अजून चालूच होता. तिने सेकंद मोजले. बरोबर अकरा. नव्या बॉक्सवर सगळं अकरा सेकंद उशिरा पोचत होतं आणि तो बॉक्स तिनेच बसवला होता.

“तुला हे ठाऊक होतं?” तिने मावशीला विचारलं.

मावशीने चष्मा पुसायला घेतला. “दुसऱ्याच दिवशी कळलं. जन्मभर सगळं तिला माझ्या आधी मिळालं. खोली, सायकल, नोकरी. मला अकरा सेकंद मिळाले तर काय बिघडलं?”

बटणताईला हसू आलं आणि गलबलूनही आलं. परत येऊन तिने फुग्यांचं काम बाजूला सारलं. ज्याचा टीव्ही पुढे आहे, त्याच्या मोबाईलवर एकच बटण दिसेल: ‘थांबते’. ते दाबलं की पुढचा टीव्ही मागच्याची वाट बघेल. साहेब चक्रावले. स्वतःहून मागे राहायला कोण तयार होईल, असं त्यांनी विचारलं. तरीही तिने ते मावशीच्या मोबाईलवर टाकलं. आईलाही तिने सगळं सांगून टाकलं, स्वतःच्या चुकीसकट. सायकल आपल्याला खरंच आधी मिळाली होती, एवढंच आई म्हणाली.

चार दिवसांनी मावशीने आईला फोन लावला आणि बटण दाबलं. एकटीने जिंकायला मजा येत नाही, असं कारण तिने दिलं. दोन्ही घरांत प्रश्न एकाच क्षणी आला, दोघी एकदमच ओरडल्या आणि दोघींचंही उत्तर चुकलं. मग फोनवर किती तरी वेळ नुसतं हसणंच चाललं होतं.

पुढे ‘थांबते’ सगळ्यांत जास्त दाबलं जाणारं बटण ठरलं. ते पाहून साहेबांनी फुगे एका कोपऱ्यात हलवले.

परवा बटणताई आईशेजारी बसली होती. हिशेबाचा प्रश्न आला आणि तिने पटकन उत्तर देऊन टाकलं. फोनमधून मावशी आणि शेजारून आई, दोघींनी एका सुरात तिला स्वयंपाकघरात जायला सांगितलं.