गाव मायबाप, चुकलो

खारेपाटातल्या पोराला आईच्या आधी भरतीची वेळ कळते, असं पेणच्या बाजारात थट्टेनं म्हणतात. काळुरामच्या बाबतीत ती थट्टा खरीच होती. गावच्या बांधातली उघाडी, म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायची फळ्यांची मोरी, आज्यापासून त्याच्या घराकडे होती. भरती चढायच्या आत फळ्या खाली ठोकायच्या, फटी चिखलानं लिंपायच्या आणि ओहोटीला फळ्या परत उचलायच्या. सुगीत घराघरातून त्याला त्याबद्दल भात मिळे. माणूस बोलण्यात मंद, चेष्टेला सोपा. पण फळी विसरला, असं त्याच्याबद्दल कोणी कधी म्हटलं नव्हतं.

आणीबाणी उठली त्या वर्षी सर्वपित्रीच्या उधाणाला खारं पाणी आत आलं. भात पोटरीला आलेलं. सकाळी काळुराम बांधावर गेला तर मधली फळी अर्धी उचललेली, आणि निम्म्या शेतांत पाणी चकाकत होतं. ती फळी त्यानं स्वतः ठोकली होती, लिंपली होती, यात त्याला तिळमात्र शंका नव्हती. उधाणाबरोबर जिताडा माशाची पिल्लं येतात, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. फळी वीतभर उचलायची, पिल्लं तळ्यात घ्यायची आणि फळी खाली सोडायची, असा हिशेब कोणीतरी केला असणार. पण उधाणाच्या जोरात उचललेली फळी परत खाली जात नाही. उघाडीला लागून तळं होतं एकट्या दिनानाथचं, आणि दिनानाथ म्हणजे गावकीचा म्होरक्या. तेव्हा सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली.

देवळापुढं गावकी बसली.

"उघाडी कोनाच्या हातात हाय?" दिनानाथनं विचारलं.

"माज्या."

"मग?"

"मी फळी लावली व्हती."

"लावली असती तर पानी आलं असतं काय?"

काळुरामनं तळ्याचं नाव घेतलं असतं तर साक्षीला कोण उभं राहणार होतं? निवाडा झाला. देवापुढं नारळ ठेवायचा, डोक्यावरची टोपी गावाच्या पायाशी ठेवायची आणि म्हणायचं, 'गाव मायबाप, चुकलो.' उघाडी सोडून द्यायची. हे कबूल नसेल तर घर वाळीत. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात हे ऐकून होतो. इथं संन्याशाला विचारून देत होते, एवढाच काय तो फरक.

काळुरामच्या मुलीचं, हौसाचं, लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं. मुलगा निडीचा, रघू नाव, रोह्याला कंपनीत शिफ्ट करणारा. वाळीत टाकलेल्या घरचा मांडव घालायला कोणी येत नाही, आणि त्या घरची मुलगीही कोणी नेत नाही.

"तुमी नाय केलं, मला ठाव हाय," त्याची बायको सीताबाई म्हणाली. "देवालाबी ठाव हाय. पन देव काय मांडव घालाया येनार नाय."

"देवाफुडंच खोटं बोलू?"

"पोरीसाठी बोला."

हौसा तेव्हा गडबला मामाकडे होती. तिला खरं सांगायचं नाही, असं सीताबाईनं ठरवलं. पोर तोंडाची सरळ. सासरी कधी बोलून गेली तर पुन्हा पंचाईत.

दिवसभर काळुराम ओटीवर बसून राहिला. राग येईल म्हणून त्यानं वाट पाहिली. आला नाही. रडू येईल असं वाटलं, तेही आलं नाही. संध्याकाळी तो उठला, नारळ घेतला आणि देवळात गेला. सांगितलेले शब्द त्यानं सांगितल्यासारखे म्हटले. दिनानाथनं स्वतः टोपी उचलून त्याच्या डोक्यावर ठेवली. "झालं गेलं गंगेला मिळालं," म्हणाला, आणि त्याच्यासाठी चहा मागवला. काळुरामनं तो घेतला.

मग गाव लग्नाला नुसतं लोटलं. मांडव गावानं घातला, पाणी गावानं भरलं. जेवणासाठी दिनानाथनं हातभर लांबीचे दोन जिताडे पाठवले. पंगतीत लोक बोटं चाटत होते. काळुरामनंही पान पुसून खाल्लं, पण काय खाल्लं ते त्याला कळलं नाही.

हळदीच्या दुपारी हौसा पिवळ्या अंगानं त्याच्याजवळ येऊन बसली.

"बाबा, एक सांगू? लोक कायबी बोलूंदेत, माज्या मनात तुमच्याबद्दल काय नाय. चूक मानसाकडूनच व्हते. तुमी गावाफुडं कबूल केलंत, ते लय बरं केलंत."

दारात सीताबाई परात घेऊन उभी होती. तिनं तोंड उघडलं. काळुरामनं तिच्याकडं पाहून नुसती नकारार्थी मान हलवली, आणि ती परात घेऊन आत निघून गेली.

"व्हय गो," तो पोरीला म्हणाला. "जरा डोळा लागला व्हता माजा."