पंच क्रमांक एक

एका परदेशी बाईंचा पासपोर्ट उकळणाऱ्या भामट्याच्या गुन्ह्याचा मी जागेवर जाऊन पंचनामा केला आणि त्यावर पंच म्हणून त्याच भामट्याची सही घेतली. वर त्याला चहा पाजला. स्पेशल.

ही घटना विसरायची मी पुष्कळ खटपट केली. पण निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी जुना सहकारी भेटला की आधी पंचाची खुशाली विचारतो, मग माझी. तेव्हा म्हटलं, दुसऱ्यांनी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा आपणच लिहून टाकावं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी अंधेरी पूर्वेच्या एका पोलीस ठाण्यात फौजदार होतो. विमानतळ जवळ, त्यामुळे हद्दीत लॉज आणि गेस्ट हाउसं भरपूर आणि परदेशी पाहुण्यांच्या तक्रारीही भरपूर. इंग्रजी बोलणारा अधिकारी म्हणून त्या सगळ्या माझ्याकडे यायच्या. माझं इंग्रजी फार चांगलं होतं असं नाही. इतरांचं त्याहून वाईट होतं.

एका मंगळवारी सकाळी हवालदारांनी एका उंच, गोऱ्या बाईंना माझ्यासमोर आणून बसवलं. वय पन्नाशीच्या पुढे, डेन्मार्कमध्ये शाळामास्तरीण, हातात एक निळी वही. महिनाभर भारत फिरून त्या परत निघाल्या होत्या. शुक्रवारी संध्याकाळचं विमान आणि रविवारी मुलीचं लग्न.

सकाळी त्या केळी घ्यायला गेस्ट हाउसच्या बाहेर पडल्या. सफारी सूट घातलेल्या एका गृहस्थाने त्यांना थांबवलं. म्हणाला, "सीआयडी. परदेशी नागरिकांची तपासणी. पासपोर्ट दाखवा." बाईंनी दाखवला. त्याने तो उलटसुलट पाहिला, शिक्क्यात गडबड आहे म्हणाला आणि खिशात टाकला. उद्या अकरा वाजता गेस्ट हाउसवर फोन करीन, तीनशे डॉलर तयार ठेवा, नाहीतर अटक.

"पण तुम्ही दिलात कसा?" मी विचारलं.

बाईंनी निळी वही उघडून माझ्यासमोर धरली. प्रवासात सुरक्षित राहण्याचे नियम त्यांनी घरून लिहून आणले होते. पैसे कमरेच्या पट्ट्यात ठेवा. मीटर नसलेल्या टॅक्सीत बसू नका. नियम सातवा: संकटात फक्त पोलिसांवर विश्वास ठेवा.

"तो म्हणाला, मी पोलीस," बाई म्हणाल्या. "मी नियम पाळला."

नवीन पासपोर्टला आठवडा तरी जाणार होता. मुलीचा बाप हयात नव्हता. लग्नात तिच्या बाजूने उभं राहायला ह्या एकट्याच. त्या रडल्या नाहीत, पण वहीचा कोपरा सारखा दुमडत होत्या. मी उठून म्हणालो, "मॅडम, शुक्रवारच्या आत पासपोर्ट तुमच्या हातात देतो." अशी वचनं द्यायचं माझं वय होतं.

फिर्याद घेऊन मी हवालदारांसह जागेवर गेलो. हवालदार मालवणकडचे, नोकरीत माझ्यापेक्षा पंधरा वर्षं जुने. बाईंनी जागा दाखवली. ऊन कडक, बाईंना चक्कर आली, म्हणून त्यांना गेस्ट हाउसमध्ये पाठवलं. खरं तर पंच आधी बोलवावेत आणि त्यांच्यासमोर फिर्यादीने जागा दाखवावी, हा नियम. पण जागा मी पाहिलीच होती. पंच काय, मागून उभे करता येतात, असा हिशोब केला.

आता पंच मिळवणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. पंच म्हटलं की पुढे कोर्टाच्या तारखा आल्या. मी रस्त्याच्या मधोमध उभं राहून "जरा दोन मिनिटं इकडे या," म्हटलं मात्र, न्हाव्याने गिऱ्हाईक अर्धं भादरलेलं टाकून शटर ओढलं. इस्त्रीवाला म्हणाला, मला दिसत नाही. शेवटी आमचा नेहमीचा चावीवाला सापडला. त्याची सही आमच्या इतक्या पंचनाम्यांवर होती की वकील त्याला कोर्टात नावाने हाक मारायचे. पण पंच दोन लागतात आणि दुसरा मिळेना.

तेवढ्यात पानाच्या टपरीवरून एक सद्गृहस्थ आपणहून पुढे आले. सफारी सूट, मिशी, चकचकीत तपकिरी बूट. "साहेब, मी होतो की पंच. नागरिकांनी पोलिसांना मदत करायलाच पाहिजे."

मला भरून आलं. हवालदार माझ्या कानाशी लागले. "सायबानू, आपणहून पंच व्हवक इलेलो माणूस मी उभ्या नोकरेत बघूक नाय. ह्येका काय कामधंदो नाय?"

"सगळ्यांवर संशय घेऊ नका हो," मी त्यांना दापलं. "आणि सफारीचं म्हणाल तर मीपण सफारीच घातलाय." खरंच घातला होता. त्या काळी अर्धी अंधेरी सफारीत असायची.

पंच क्रमांक एक म्हणून मी त्याचंच नाव लिहिलं. त्याने फार सहकार्य केलं. अंतर त्यानेच पावलांनी मोजून दिलं. मग चहा घेताना विचारलं, "बाईंनी माणसाचं वर्णन काय दिलंय?" मी वाचून दाखवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "मिशी? मिशी काय हो साहेब, आज आहे, उद्या नाही." पुढे विचारलं, "मग आता कसं धरणार?" मी सापळा समजावून सांगितला: उद्या अकराला तो फोन करील, बाई त्याला आत बोलवतील आणि आम्ही वेटरच्या वेशात असू.

"झकास!" तो म्हणाला.

जाताना त्याने एकच मागणी केली. पोलिसांना मदत केल्याचं ठाण्याच्या शिक्क्याचं पत्र मिळेल का? ऑफिसात दाखवायला. मी म्हटलं, गुरुवारी सकाळी या, सीनियर साहेबांची सही घेऊन ठेवतो.

बुधवारी अकरा वाजता मी गेस्ट हाउसच्या जेवणघरात हातात ट्रे घेऊन उभा होतो. फोन वाजला. बाईंनी घेतला, ऐकला, ठेवला आणि माझ्याकडे आल्या.

"तो म्हणतो, पैसे आता दुप्पट. उद्या दुपारी एक वाजता मी एकटीने बाजारात यायचं. नाहीतर पासपोर्ट जाळून टाकणार." मग थोडं थांबून, "आणि तो म्हणतो, जाड मिशीच्या वेटरला घरी पाठवा. त्याचे बूट पोलिसाचे आहेत."

बातमी फुटली होती. मी गेस्ट हाउसच्या मॅनेजरला आत घेऊन तीन तास चौकशी केली. बिचाऱ्याला घाम फुटला. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "साहेब, मला तर तुम्ही सकाळी साडेदहाला सांगितलंत, वेटरचे कपडे मागताना. आदल्या दिवशी कुणाकुणाला सांगितलं होतं ते आठवा ना."

मी आठवायला लागलो. हवालदार छताकडे बघत होते. ते त्यांना आधीच आठवलं होतं.

तरी माझं मन घेईना. संध्याकाळी ठाण्यात पंचनाम्याचा कागद पुढ्यात ठेवून बाईंना पुन्हा सगळं विचारत होतो. मिशी कशी, जाड की बारीक, टोकं वर की खाली. बाईंचं लक्ष मात्र कागदावर. आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासलेली बाई ती. एकाएकी त्यांनी खालच्या सहीवर बोट ठेवलं. सहीच्या खाली लांब शेपूट आणि शेपटाखाली दोन टिंबं.

त्यांनी निळ्या वहीच्या मागच्या खिशातून एक चिठ्ठी काढली. 'एक पासपोर्ट मिळाला,' असं इंग्रजीत लिहून खाली सही. तेच शेपूट, तीच दोन टिंबं.

"हे काय?"

"पावती. नियम पाचवा. काहीही दिलं की पावती घ्यायची. मी मागितली, त्याने दिली."

"मग ही मला कालच का नाही दाखवलीत?"

"तुम्ही विचारलंच नाही. तुम्ही फक्त मिशीबद्दल विचारत होता."

पंचनाम्यात त्याने दिलेला पत्ता तपासायला हवालदारांना पाठवलं. तासाभरात परत आले. "सायबानू, त्या पत्त्यार म्युनिसिपालिटीची मुतारी आसा."

बाजारात तर तो आमचे बूट लांबूनच ओळखणार. आता सगळी भिस्त एकाच गोष्टीवर होती: त्याने मागितलेल्या पत्रावर. खोट्या पोलिसाच्या हाती खऱ्या ठाण्याचा शिक्का म्हणजे सोनंच. पण इतकं झाल्यावर तो खुद्द ठाण्यात पाय ठेवील? गुरुवारी सकाळपासून मी दाराकडे बघत बसलो होतो. बाई शेजारच्या खोलीत वहीचा तोच कोपरा दुमडत बसल्या होत्या.

साडेअकराला तो आला. सफारी, चकचकीत बूट. मिशी गायब. "साहेब, माझं पत्र झालं का?"

मी त्याला खुर्ची दिली. बाई बाहेर आल्या, त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि पावती टेबलावर ठेवून वर्गात बोलावं तशा म्हणाल्या, "गुड मॉर्निंग. माझा पासपोर्ट."

त्याचा चेहरा पडला. पळायला वळला तर दारात हवालदार, आणि त्यांचा घेर दरवाजापेक्षा कमी नव्हता. चौकशीत हात उगारायची वेळच आली नाही. पंचनामा आणि पावती शेजारी शेजारी ठेवली आणि त्याला आणखी एक सही करायला सांगितली. तो हसला आणि पेन खाली ठेवलं.

"इतकं माहीत असून आलास कसा रे?" मी विचारलं.

"साहेब, तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास होता."

पासपोर्ट मुलुंडला त्याच्या घरी तांदळाच्या डब्यात होता. त्याच्याबरोबर आणखी तीन देशांचे तीन. तिथे जप्तीचा पंचनामा करायचा होता. मी रस्त्याकडे वळलो तसे हवालदार आडवे आले. "ह्या टायमाक पंच मी बघतंय. तुमी गाडयेत बसा."

गुरुवारी संध्याकाळी बाईंनी पासपोर्ट पाहिला आणि हात पुढे केला. मी तो खिशात टाकला. कायद्याने तो आता मुद्देमाल होता, कोर्टाच्या हुकुमाशिवाय देता येत नव्हता. सफारीतल्या माणसाने आपला पासपोर्ट खिशात घालताना बाई आठवड्यात दुसऱ्यांदा बघत होत्या.

"पावती," त्या म्हणाल्या.

पावती द्यायची आमच्याकडे पद्धत नव्हती. तरी दिली. शुक्रवारी सकाळी कोर्ट उघडायच्या आधी आम्ही दारात. मॅजिस्ट्रेट साहेबांनी दोन्ही कागद वाचले, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आरोपी आणि पंच एकच? बाकी साक्षीदारांत तुमचे कोणी नातेवाईक नाहीत ना?" पण हुकूम दिला. दुपारी एक वाजता पासपोर्ट बाईंच्या हातात पडला. त्यांनी तो उघडला, स्वतःचा फोटो पाहिला, मिटला आणि मगच डोळे पुसले.

ह्या प्रकरणाने मला बरंच शिकवलं. पोलिसांच्या मदतीला जो फार हौसेने धावतो, त्याचे बूट आधी बघावेत. म्हाताऱ्या हवालदाराने कानाशी लागून सांगितलेलं ऐकावं. आणि आता आपली मुलंबाळं परदेशी जातात, त्यांना मी एवढंच सांगतो: परक्या गावात माणूस आधीच बिचकलेला असतो, कुणी अधिकाराने दरडावलं की खिशातलं काढून देतो. तेव्हा तिथेच थांबायचं. रस्त्यावर कुणाच्या हाती काही द्यायचं नाही. म्हणायचं, ठाण्यावर चला, तिथे दाखवतो. खरा असेल तो चालेल, खोटा असेल तो पळेल.

त्या दुपारी विमानतळावर सोडायला गेलो तेव्हा बाईंनाही मी हेच उपदेशाचे डोस पाजले. त्यांनी निळ्या वहीत सातव्या नियमापुढे लिहायला पेन काढलं. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "लिहा मॅडम. कोणी पोलीस म्हणून आला तर आधी त्याचं ओळखपत्र बघायचं."

बाई लिहिता लिहिता थांबल्या. माझ्याकडे, माझ्या सफारीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"चार दिवस झाले," त्या म्हणाल्या, "तुमचं मी अजून पाहिलेलं नाही."